नेच्याची काच

मी नसीमाचं वाईट केलं. २००३ सालच्या विज्ञान दिनी, पोलादपूरच्या एका शाळेच्या मंडपात, दुपारच्या कार्यक्रमात. मंडप भरलेला होता, सगळ्यांनी पाहिलं — आणि तरी काय झालं ते कुणाला कळलं नाही. मी कळू दिलं नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. पत्रकं लिहायची, गावोगाव बुवाबाजी उघडी पाडायची. शिवथरपासून बिरवाडीपर्यंत ओरडत फिरलोय — डोळे उघडा, प्रश्न विचारा, फसू नका! हे काम मला आवडतं. मी सुखी माणूस आहे, हे आधीच सांगतो. या प्रकरणानं माझी झोप उडाली वगैरे काही नाही. छान लागते झोप. तेही कबुलीतच धरा.

नसीमा आमच्याच गटातली. महाडची, फिजिक्सची एम.एस्सी., जिभेला धार. घराच्या मागच्या खोलीत ती होलोग्राम बनवायची — सपाट काचेत खोली दिसणारी चित्रं. स्कूटरच्या फुगवलेल्या ट्यूबवर फरशी, फरशीवर वाळूची पेटी — म्हणजे जमिनीचा हादरा वर पोचत नाही. पेटीत नेच्याचं, म्हणजे फर्नचं, चित्र. साधं नाही, कॉम्प्युटरवर काढलेलं फ्रॅक्टल: नेच्याचं प्रत्येक पान म्हणजे पुन्हा एक छोटा अख्खा नेचा, त्या पानाचं पान त्याहून छोटा. हे चित्र ती तीन पारदर्शक कागदांवर छापायची, मध्ये काचा घालून एकावर एक ठेवायची, आणि त्यावर अलगद टेकवायची फोटोच्या फिल्मसारखा लेप दिलेली काचेची प्लेट. मग बॅटरीवरचा लेझर.

शेजारी पिठाची गिरणी. म्हणून हे सगळं फक्त लाइट गेल्यावर! अख्खं महाड भारनियमनाला शिव्या घालायचं, ही वाट बघायची. गिरणी थांबली की ओरडायची, "श्वास धरा रे! आणि तू — तू भाषण धरून ठेव." केसाच्या जाडीहून कितीतरी कमी हललं तरी चित्र गेलं. भावानं दुबईहून आणलेल्या प्लेटा एकेक करून वाया गेल्या. शेवटची साधली. तिरकी धरली की काचेत हिरवट नेचा उभा राहायचा, पुढची पानं मागच्यांवरून सरकायची.

ती प्लेट घेऊन सोमवारी तिला पुण्याला जायचं होतं. एका प्रयोगशाळेत मुलाखत होती, हातचं काम दाखवा म्हणाले होते. मी एका दुपारपुरती मागितली. तिनं दिली.

मंडपात वरंधच्या एका आजीनं काच उलटी करून पाहिली. "अगो, मागं तर काय नाय गो!" सगळे हसले. तेवढ्यात मागून एकजण — "ओ भाऊ, तुमच्या काचेत झाड उगवलं तर विज्ञान, आणि आमच्या बाबानं अंगारा काढला की लबाडी काय?"

माझं डोकं फिरलं. होलोग्राम फोडला तरी प्रत्येक तुकड्यात अख्खं चित्र दिसतं — असं मी कुठेतरी अर्धवट वाचलेलं. आमच्या पत्रकातही ठोकून दिलेलं. तपासलं होतं? नाही. नसीमाला विचारलं? ती हाताच्या अंतरावर उभी होती — नाही विचारलं. प्लेट टेबलाच्या कडेवर आपटली.

तुकडे लोकांत फिरले. ज्याच्या त्याच्या हातात अख्खा नेचा! काय टाळ्या पडल्या. तो अंगारावालासुद्धा वाजवत होता.

नसीमानं एक तुकडा घेतला, उजेडात धरला. "अरे, हा अख्खा नाही. हे त्याचं एक पान आहे."

मला कळलं. ताबडतोब कळलं — कबुली ती हीच. चित्र प्लेटला जवळजवळ चिकटलेलं होतं, म्हणून ज्या तुकड्यासमोर जेवढं, तेवढंच त्यात उरलं. वस्तू लांब असती, तर खिडकीच्या फुटक्या तुकड्यातून अंगण दिसावं तशी पुरी दिसली असती. इथे फक्त पान होतं. पण नेच्याचं पान नेच्यासारखंच! म्हणून सगळे फसले. हे माइकवर सांगता आलं असतं की नाही? मी काय सांगितलं? "ताई जरा घाबरल्यात. काच महागाची होती." हशा पिकला. ती खाली बसली.

अंगाऱ्यात आणि यात फरक काय? त्यातले काही तुकडे मी ठेवून घेतले आणि पुढे कित्येक वर्षं गावोगाव दाखवले — एका वेळी एकच.

सोमवारी ती उरलेले तुकडे घेऊन गेली. जागा मिळाली नाही. प्लेट असती तर मिळाली असती? माहीत नाही — आणि त्या 'माहीत नाही'मागे मी लपणार नाही.

आता ती महाडमध्येच शिकवते. खोली तीच, ट्यूब नवी. परवा लाइट गेले, गिरणी थांबली, आम्ही पुन्हा श्वास धरून बसलो. नेचा आला, पहिल्यापेक्षा देखणा. मी हात पुढे केला तर म्हणाली, "बघायला मिळेल. हातात नाही." दोघंही हसलो. बरं वाटलं मला, खरंच.

पण ते पत्रक तुमच्या घरात आहे. काढा. 'प्रत्येक तुकड्यात अख्खं चित्र' ही ओळ खोडा. आणि यापुढे मी मंचावरून तुकडा दाखवला तर टाळ्या वाजवू नका — बाकीचे तुकडे मागा. सगळे. शेजारी शेजारी लावून बघा.