गरीब गायीसारखा फुलबॅक

आता ऐकाच! देवाधर्माचं सगळं नीट करणाऱ्या बाईच्या हातून एका दुपारी केवढा घोळ होऊ शकतो, ते माझ्याकडून ऐका. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर चहा सांडतो.

तेव्हा आम्ही शिवाजी पेठेत राहायचो. घरात मी, आमचे हे आणि माझे धाकटे दीर दिनू. नावाला 'दिनू', देह मात्र कपाटासारखा! आणि या कपाटाला वेड फुटबॉलचं. आमच्या कोल्हापुरात हे वेड म्हणजे काही नवल नव्हे. इथं पेठेपेठेत तालीम आणि तालमी-तालमीचा फुटबॉल संघ. सामना असला की बायकासुद्धा भाकरी लवकर थापून मोकळ्या!

दिनू खेळायचा फुलबॅक. म्हणजे काय, तर आपल्या गोलासमोर भिंतीसारखं उभं राहायचं आणि येणाऱ्याला आत जाऊ द्यायचं नाही. पण भिंतीला कोण टाळ्या वाजवतं? सगळी वाहवा गोल मारणाऱ्यांची. दर मोसमाला संघ निवडायची वेळ आली की दिनू बूट पुसून जायचा आणि संध्याकाळी तेच बूट घेऊन परत यायचा. कुणीच घेत नव्हतं हो! तरी पहाटे एकटाच मैदानावर. एकटाच पळायचा, एकटाच भिंतीवर बॉल मारायचा. माझा जीव तुटायचा.

म्हणून मी नवस बोलले. एक नाही, दोन! दिनूला संघात घेऊ दे, म्हणून जोतिबाला, आणि दिनूचं लग्न जमू दे, म्हणून अंबाबाईला. शुक्रवारचे उपवास वेगळेच. बरं, देवांनी पावावं ना निवांत, एकामागून एक? छे! दोघांनी मिळून एकच रविवार निवडला.

झालं काय, की स्थळं आणणारे आमचे अण्णा येऊन सांगून गेले होते, "रविवारी चारला गडहिंग्लजची माणसं मुलगा बघायला आणतो." मी सकाळपासून कामाला लागले. पोहे, चहा, नारळ, सगळं तयार. दुपारी ह्यांनी दिनूला दाढी करायला न्हाव्याकडे नेलं आणि मी एकटी घरात.

सव्वातीन वाजले असतील. दारात तिघं जण उभे. पुढचे गृहस्थ फेटेवाले, मिशा अशा की दारातून आधी मिशा आत आल्या!

"दिनूचं घर हेच न्हवं?"

मी मनात म्हटलं, आली की माणसं! एसटी लवकर मिळाली असेल. "या या, बसा!" म्हणत सतरंजी झटकली, पदर घेतला, पाणी दिलं. आता तुम्ही म्हणाल, 'अहो बाई, कुठनं आलात, कशाला आलात, एवढं तरी विचारायचं!' पण आमच्याकडे आल्या पावण्याला 'का आलात' विचारणं म्हणजे 'कधी जाताय' विचारण्यासारखं. आधी चहा-पोहे. काम पावण्यानं आपल्या तोंडानं काढायचं.

पावण्यांनी काढलं.

"पोरगं न्हाय घरात? असू दे. घरच्या माणसाकडनंच खरं कळतंय. वैनी, सोभावानं कसं हाय ओ?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. उत्तर काय शोधायचंय? "भाऊजी ना? गाय हो गाय! अगदी गरीब गाय!"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मला वाटलं, खूश झाले.

"व्हय, पण कुणी अंगावर आलं तर?"

मुलीचा बाप! काळजी असणारच. नवरा मारझोड करेल की काय, ही धास्ती. मी म्हटलं, "आपण होऊन बाजूला होतात! भांडण म्हणून ठाऊक नाही त्यांना."

"बाजूला हुतंय?" मिशा जरा खाली आल्या.

"अहो, कुणाला साधा धक्का नाही लावत."

दुसरा म्हणाला, "आणि पायात? पायात दम हाय न्हवं?"

आता बघा, मुलगा लंगडा नाही ना, हे बघायचा मुलीकडच्यांना हक्कच आहे. मी म्हटलं, "पाय ठणठणीत! पण वळण असं, की चुकून कुणाला पाय लागला तर वाकून तीनदा नमस्कार करतात!"

तिसऱ्याच्या घशात पोहे अडकले. मी घाईनं पाणी दिलं.

"प्हाटं पळायला जातंय म्हणं?" मिशांनी शेवटची आशा धरल्यासारखं विचारलं.

रिकामटेकडा पळत फिरतो, असं कुणी कानावर घातलं असेल! मी लगेच सावरून घेतलं. "छे हो, पळतात कशाला? पहाटे स्नान, पूजा. आणि जेवण म्हणाल तर चिमणीएवढं. एक भाकरी."

हे बोलताना मी मनातल्या मनात देवीची क्षमा मागितली. कारण दिनूच्या सात भाकऱ्या मीच थापत होते.

पावणे उठले. पोहे अर्धे तसेच. मी नारळ दिला. फेटेवाल्यांनी तो हातात धरून असा बघितला, जणू कुणाच्या तेराव्याला मिळालाय. "येतो वैनी. लई गुणी पोरगं हाय," एवढं म्हणाले आणि गेले.

मी देवापुढे साखर ठेवली. जमलं म्हणायचं!

पाचच मिनिटांत हे आणि दिनू आले. दिनूची दाढी गुळगुळीत, चेहरा पांढरा.

"तू तालमीच्या वस्तादांना काय सांगितलंस?" ह्यांनी विचारलं.

"कोण वस्ताद? मी कुठं पाहिलंय त्यांना?"

"अगं, आत्ता आपल्याकडून गेले ते! त्यांच्या बॅकचा गुडघा गेलाय, पुढच्या रविवारी सामना आहे. दिनूला घ्यायचं म्हणून घरी विचारायला आले होते. गल्लीच्या तोंडाशी भेटले. म्हणाले, 'पोरगं देवळात शोभंल, मैदानात न्हाय चालायचं!'"

माझ्या हातातली बशी खाली पडली. दिनूनं खुंटीवरचे बूट काढले आणि माळ्यावर ठेवायला निघाला.

ते मात्र मला बघवेना. पायात चपला सरकवल्या आणि तशीच निघाले. तालीम पलीकडच्याच चौकात. पण आत मारुती आणि लंगोट लावलेली पोरं, बाईमाणसानं जायचं कसं? मी भर चौकात उभी राहिले आणि हाक मारली, "वस्तादऽऽ!"

खिडक्या उघडल्या. वस्ताद दारात आले.

"दुपारी सांगितलं ते सगळं खोटं!" मी ओरडले. "माझा दीर गाय नाही, वळू आहे वळू! समोर आलेल्याला उभा आडवा करतो! लहानपणी शेजारच्या पोराचे दात पाडलेत त्यानं! पाय लागला तर नमस्कार नाही करत, दुसरा पाय घालतो! सात भाकऱ्या खातो, मटणाचं पातेलं एकटा पुसतो!"

सगळा चौक ऐकतोय. वस्तादांच्या मिशा हळूहळू वर चढायला लागल्या.

"अवो वैनी, मग दुपारी असं का सांगितलासा?"

"मला वाटलं, तुम्ही मुलीचे वडील!"

तालमीतनं असा हशा उठला की पारावरची कबुतरं उडाली. वस्ताद डोळे पुसत म्हणाले, "धाडा सकाळी वळूला. बघू या."

मी देवाचं नाव घेऊन वळले... आणि माझ्यामागे टांगा उभा! टांग्यात पांढरे पडलेले अण्णा आणि शेजारी टोपीवाले दोन सभ्य गृहस्थ. घड्याळात बरोबर चार.

"ह्या... ह्या मुलाच्या वहिनी," अण्णा कसेबसे म्हणाले.

पावणे घरी आले, पोहे खाल्ले, मुलगा बघितला, माझ्याकडे मात्र मान वर करून बघितलं नाही.

दिनू सोमवारी पहाटे गेला आणि संध्याकाळी हातात नवी जर्सी घेऊन आला. रविवारच्या सामन्यात त्यानं काय खेळ केला म्हणता! माशी जाऊ दिली नाही. त्या दिवसापासून पुढं कितीतरी मोसम ती जागा त्याचीच. ज्याला कुणी घेत नव्हतं, त्याला मागायला दुसऱ्या पेठेची माणसं यायची. यथावकाश लग्नही झालं.

पण त्या पहिल्या सामन्याच्या संध्याकाळी, दिनू सुजलेल्या गुडघ्याला हळद लावून राजासारखा बसलेला असताना अण्णा निरोप घेऊन आले.

मी अधीरपणे विचारलं, "काय म्हणाले गडहिंग्लजचे? वळू म्हटलं म्हणून नको म्हणाले का हो?"

"छे, मुलगा पसंत आहे," अण्णा खाली बघत म्हणाले. "तालमीतला आहे, खातापिता आहे, त्यांना आवडला. पण म्हणतात, जी बाई भर चौकात उभी राहून सख्ख्या दिराचे असे धिंडवडे काढते, तिच्या हाताखाली आमची पोर नको."

मी भिंतीला टेकले. दिनू मात्र हळदीचा हात तसाच ठेवून पोट धरून हसायला लागला.

"वहिनी, म्या नुस्ता बॉल अडिवला. तुमी तर आख्खं वऱ्हाड अडिवलं की!"