वानखेडे सरांची गाडी आणि नागपूरचं ऊन

ज्याच्याकडे जुनी गाडी आहे, त्याच्या मित्रमंडळींना गप्पांसाठी विषय शोधावा लागत नाही. आमच्या वानखेडे सरांच्या गाडीनं तर एका उन्हाळ्यात आयुष्यभर पुरतील एवढे किस्से दिले. सर चित्रकला शिकवतात, बोरकर मॅडम विज्ञान आणि मी मराठी. नागपूरहून सावनेरच्या शाळेत आम्ही तिघं सरांच्याच गाडीतून जायचो. उन्हाळ्यात सकाळची शाळा. जाताना गाडी झकास पळायची. येताना ऊन डोक्यावर आलं की कुठेही बंद! थोडी थंड झाली की पुन्हा सुरू, काही झालंच नाही असं दाखवत.

वहिनींनी सरांना सांगून ठेवलं होतं, "उन्हाळा संपेपर्यंत नीट झाली नाही, तं मी विकून टाकतो." सरांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली ही पहिली गाडी. त्यांचा तिच्यावर फार जीव.

*

मेकॅनिक रफीकभाईंचं एकच म्हणणं, "सर, माह्यासमोर बंद पाडून दाखवा, मंग सांगतो."

गॅरेजात ती कधीच बंद पडायची नाही. शेवटी एका दुपारी भाई स्वतः आमच्यासोबत बसले. सावनेरहून नागपूरपर्यंत गाडी एकदाही अडली नाही. "गाडीत काही नाही, सर. तुमच्या मनात आहे," असं म्हणून ते इतवारीच्या बाजारात उतरले, हात हलवला, गर्दीत दिसेनासे झाले, आणि गाडी बंद!

मागे हातगाडीवाले ओरडायला लागले, तेव्हा आम्ही ती ढकलत नेली.

*

लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून आपल्याकडे खिशात कांदा ठेवतात. एकदा बॉनेट उघडलं, तर बॅटरीशेजारी फडक्यात बांधलेला कांदा.

"सर, हे काय?" मॅडमनी विचारलं.

"आईनं ठेवला. म्हणे, माणसाले लू लागते, तं गाडीले काहून नाही लागणार?"

"पण तरी बंद पडलीच ना?"

सर गंभीरपणे म्हणाले, "एवढ्या मोठ्या इंजिनले एक कांदा कसा पुरन?"

*

मग मॅडमनीच सूत्रं हातात घेतली. गाडी बंद पडली की आपला दुपट्टा ओला करून पिळायचा, एका वेळी एकाच भागावर ठेवायचा आणि सरांना चावी फिरवायला सांगायचं. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ठेवला, फरक नाही. एका दुपारी इग्निशन कॉइलवर ठेवला, आणि गाडी लगेच सुरू! कॉइल तापली की ठिणगी मिळत नव्हती.

रफीकभाईंनी कॉइल बदलली. म्हणाले, "मले पयलेच डाउट होता." मॅडमचा नवा दुपट्टा मात्र कामातून गेला.

*

सरांनी घरी सांगितलं, "आता नीट झाली." वहिनींनी मानही वर केली नाही. हे वाक्य त्यांनी पंप बदलल्यावर ऐकलं होतं, बॅटरी बदलल्यावरही ऐकलं होतं. रविवारी भरदुपारी त्यांनी गिऱ्हाईक बोलावलं.

सरांची पंचाईत झाली. बंद पडली तर वहिनींचं खरं ठरणार, आणि चालली तर गिऱ्हाईक घेऊन जाणार. धीर द्यायला मी गेले होते.

सरांना शेजारी बसवून गिऱ्हाईक रिंग रोडला चक्कर मारून आलं. वहिनी ताकाचा ग्लास घेऊन फाटकात उभ्या.

"कुठं बंद तं नाही पडली?"

"नाही जी. एसी लावून सिग्नलवर उभी केली, तरी एकदम मक्खन." तो खुशीत होता. "ताई, एवढी चांगली गाडी काहून विकून राहिले?"

सर खाली मान घालून उभे होते. वहिनींनी गिऱ्हाइकाच्या हातात ताक दिलं, दुसऱ्या हातातली चावी काढून घेतली आणि सरांकडे वळल्या.

"सांगा न जी. काहून विकून राहिले तुम्ही?"