अंगठा त्यांचाच निघाला

सेवेतली कितीतरी प्रकरणं मी विसरलो, पण जासईच्या काकूंचं प्रकरण काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे उभं राहतं.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं आणि मी उपनिरीक्षक होतो. काकूंचा नवरा मिठागरात राबून राबून गेला. शेती बंदराच्या कामात संपादित झाली. मूलबाळ नाही. मासळीची पाटी डोक्यावर घेऊन त्या दारोदार फिरत. जमिनीच्या बदल्यात मिळणारा छोटा भूखंड, एवढाच त्यांना आधार होता. तो स्वतःच्या नावावर करून घ्यायला सख्ख्या पुतण्यानं अर्ज केला होता. त्यासाठी त्यानं काकूंचं संमतीपत्र जोडलं होतं आणि त्याखाली अंगठा होता. तो आपला नाही, अशी तक्रार घेऊन काकू ठाण्यात आल्या.

वरिष्ठ म्हणाले, दिवाणी बाब आहे, कोर्टात पाठवा. मी तरीही तक्रार लिहून घेतली आणि हवालदारांना म्हणालो, बाईंचा अंगठा घ्या. त्यांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं. काकूंनी ते एका बोटानं मागे ढकललं.

"आंगठा मी देत नाय, सायेब. मना सही येते."

पेन दिलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. चांगली पाच मिनिटं लागली. एक शिपाई म्हणाला, सावकाश काकू, ठाणं काय पळून जात नाही. काकूंनी मान वर केली नाही. "तू गप रं. तुज्यामुलं माजी वेलांटी चुकंल."

मी पदवीधर. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिलाच. माझ्या आईनं जन्मभर अंगठा दिला, म्हणून पाटीवाल्या बाईकडेही अंगठाच असणार, असं मी धरून चाललो होतो. त्या पाच मिनिटांत मला माझीच लाज वाटली.

पुढे तपासासाठी काकूंच्या बोटांचे ठसे घेऊन तज्ज्ञांकडे पाठवले. अहवाल आला: संमतीपत्रावरचा अंगठा त्यांचाच, शंका नाही.

हवालदार साताऱ्याकडचे. म्हणाले, "सायेब, म्हातारीनं गंडवलं बघा आपल्याला." वरिष्ठांनी फाइल बंद करायला सांगितलं. मी काकूंना बोलावून अहवाल समजावला. त्या म्हणाल्या, "जागा गेली त गेली. पन सही येत असून हिनं आंगठा दिला, असं गाव म्हनंल. ते मना चालनार नाय."

खोटं बोलणारा माणूस जागेला चिकटून राहतो. ही बाई सहीला चिकटली होती. तिथेच माझा विश्वास बसला.

सही कधी शिकलात, असं विचारलं. दोन वर्षं झाली, म्हणाल्या. देवळाच्या सभामंडपात दुपारी बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरत असे. संमतीपत्र तर फक्त सहा महिन्यांपूर्वीचं होतं. मी वर्गाचं हजेरीपुस्तक पंचनामा करून ताब्यात घेतलं. त्यात तारीखवार काकूंच्या सह्या होत्या: सुरुवातीच्या रेघेवरून घसरलेल्या, पुढच्या सरळ. त्याच सुमारास हवालदारांनी चहाच्या टपरीवरून खबर आणली की मोबदल्याच्या वेळी गावातल्या बायकांचे अर्ज हाच पुतण्या भरून देत होता.

त्याला बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. दरडावलं की माणूस तोंड मिटतो. तारीख-वार विचारला की बोलायला लागतो. तो बोलला. अमुक दिवशी दुपारी काकीच्या ओटीवर बसून मी एकेक ओळ वाचून दाखवली, मग तिनं अंगठा दिला, म्हणाला. वर म्हणाला, "तिला ग म भ न पन येत नाय, साहेब. सही कुठली करते?"

हा जबाब लिहून, वाचून दाखवून त्याची सही घेतली. मग हजेरीपुस्तक उघडून त्याच्यापुढे ठेवलं. तीच तारीख, तीच दुपार, आणि काकूंची वेलांटीसकट सही.

तो पानाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ही कधी शिकली?"

पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं. पाच वर्षांपूर्वी अर्जासाठी म्हणून त्यानं काकूंचे आणि गावातल्या आणखी काही बायकांचे अंगठे कोऱ्या कागदांवर घेऊन ठेवले होते. मजकूर आणि तारीख सोयीनं मागाहून घालायची. पंचांसमक्ष त्याच्या घरातल्या ट्रंकेतून उरलेले कोरे कागद जप्त केले. हवालदार काकूंना कळवायला स्वतः जासईला गेले, मी न सांगता.

पुतण्या लबाड होता, पण त्याची चूक लबाडीत नव्हती. पाच वर्षांत काकी तिथल्या तिथेच असेल, असं त्यानं धरलं. पहिल्या दिवशी मीही तेच धरलं होतं. माणूस कुठवर पोचलाय हे आधी त्यालाच विचारावं, हे मी पदवीच्या नव्हे, या तपासाच्या वर्गात शिकलो.

कोर्टानं ते संमतीपत्र बनावट ठरवलं आणि पुतण्याला शिक्षा झाली. बाकीच्या बायकांचे भूखंडही वाचले. काकूंचा भूखंड काकूंच्या नावावर झाला आणि त्यावर त्यांनी दोन खोल्यांचं पक्कं घर बांधलं.