राहिलेले चार दिवस

त्या दिवशी सकाळी माझ्या यादीत सात कामं होती. तिसरं काम होतं, 'ताईंना फोन, व्हिसाचे फोटो'. गॅसवाल्याचा नंबर लावून झाला, मोलकरणीला सुट्टीचं सांगून झालं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून मी मोबाइल उचलला, तर त्याच क्षणी तो वाजला. कोराडीहून ताईंच्या शेजारणीचा फोन होता. ताई सकाळी फिरून आल्या, अंगणातल्या खुर्चीत बसल्या, पाणी मागितलं… आणि पाणी येईपर्यंत गेल्या होत्या. शेजारीण रडत सांगत होती आणि माझ्या मनात वेड्यासारखा एकच प्रश्न होता, पाणी कुठलं आणलं होतं? माठातलं की मशीनमधलं?

कुंदाताई माझी मोठी नणंद. जन्म खाप्याचा, कन्हानच्या काठचा. नोकरीची सगळी वर्षं कोराडीच्या वीज केंद्रात काढली. लोकांना वाटतं तिथे फक्त कोळसा आणि राख असते. ताई होत्या पाण्याच्या प्रयोगशाळेत. बॉयलरमध्ये जाणाऱ्या पाण्यात क्षाराचा कणही चालत नाही, नळ्यांना आतून थर बसतो. ते पाणी तपासणं हे ताईंचं काम. "तीस वर्सं पान्यातलं सारं काढून टाकलं वं," त्या म्हणायच्या, "आता ज्याच्यात सारं आहे असं पानी पाहाचं आहे मले." आमच्या प्रताप नगरच्या घरी आल्या की मशीनच्या पाण्याचा ग्लास परत करायच्या. "हे तुह्या बॉयलरले दे. मले माठातलं आन." मग एक घोट घेऊन, डोळे मिटून, जिभेवर घोळवून निकाल द्यायच्या. आज टाकी धुतली काय, काल टँकर आला होता काय… आणि निकाल बरोबर निघायचा.

निवृत्तीनंतर सगळ्यांनी चारधाम सुचवलं. ताईंनी प्रयोगशाळेच्या जुन्या वहीतून एक पिवळं पडलेलं कात्रण काढलं. स्पेनमधल्या डोंगरातलं एक गाव. एकाच रस्त्यावर पाच झरे, पाचांचं पाणी वेगळं, आणि शेदोनशे वर्षांपासून लोक ते पाणी प्यायला तिथे जाऊन राहतात. ताईंचे यजमान तेव्हा हयात नव्हते, आमच्या ह्यांना विमानात बसायची हौस नाही. राहिले मी. याद्या करणं हा माझा स्वभाव आहे, त्यामुळे प्रवास माझ्या हातात आला. कागदपत्रं, औषधं, लसणाची चटणी, शाल, दोन कुलपं… सगळं वहीत. गावासाठी पाच दिवस, पुढच्या दोन शहरांसाठी सहा.

ते गाव आजही डोळ्यांपुढे आहे. डोंगराच्या खांद्यावर टेकलेला एकच लांब रस्ता, चेस्टनटची झाडं, लोखंडी सज्ज्यांतून लोंबणारी लाल फुलं आणि प्रत्येक वळणावर भिंतीतून पडणारी पाण्याची धार. दुपारी सगळं बंद, औषधाचं दुकानसुद्धा. संध्याकाळी म्हातारी माणसं काठ्या टेकत बाहेर येऊन बाकांवर बसायची आणि बसूनच राहायची. स्नानगृहाची इमारत जुनी, आत संगमरवर. पहिल्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांनी आमचं ब्लडप्रेशर घेतलं आणि प्रत्येकीला एक कार्ड भरून दिलं. कुठल्या झऱ्याचं पाणी, किती वाजता, अर्धा ग्लास की पाऊण, चालत चालत घोटाघोटानं प्यायचं, वीस मिनिटांनी दुसरा. मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी प्रत्येक ग्लासापुढे टिक करत होते.

ताईंनी कार्ड पर्समध्ये टाकलं आणि पाचही झरे चाखून आल्या.

झऱ्यांच्या दालनात आंतोनिया नावाची पांढऱ्या एप्रनमधली बाई होती, ताईंच्याच वयाची. येणाऱ्या प्रत्येकाला ती वेताच्या विणलेल्या खोळीतला काचेचा ग्लास द्यायची. मुक्काम असेपर्यंत तो ग्लास त्याचा, भिंतीवरच्या नंबरच्या खुंटीला टांगायचा, जाताना घरी न्यायचा. ताईंची खुंटी एकेचाळीस, माझी बेचाळीस. तिला मराठी येत नव्हतं आणि आम्हाला स्पॅनिश. पण ताईंनी दुसऱ्या झऱ्याचा घोट घेतला, डोळे मिटले आणि वाफेनं धूसर झालेल्या खिडकीच्या काचेवर बोटानं लोहाचं चिन्ह काढलं. आंतोनिया बघतच राहिली. तिनं तिसऱ्या झऱ्याचा ग्लास पुढे केला. ताईंनी मॅग्नेशियम लिहिलं, खाली थोडं सोडियम. आंतोनियानं भिंतीवरचा तक्ता दाखवला आणि टाळी वाजवली. मग रोज त्यांचा हाच खेळ. मी कार्ड हातात घेऊन दालनात फेऱ्या मारायचे आणि या दोघी काचेवर रसायनशास्त्र लिहून हसायच्या. "ताई, तुमचा दुसरा ग्लास राहिला," मी सांगायचे. "राहू दे वं, घड्याळबाई," उत्तर यायचं, "पानी कुठं पळून राहिलं?"

पाचव्या दिवशी मी बॅगा भरत होते. ताई दारात उभ्या राहिल्या. आंतोनियानं त्यांना बोटांवर मोजून दाखवलं होतं की इथला उपचार नऊ दिवसांचा असतो, पूर्वीपासून. "काहून वं माधुरी," त्या म्हणाल्या, "कोराडीच्या देवीचा घट पाचव्या दिवशी उठवते काय कोनी?"

"ताई, पुढचं सगळं बुकिंग झालंय. राजवाड्याची तिकिटं आहेत."

"राजवाडा कुठं चालला?"

"राहिलेले चार दिवस पुढच्या वेळी. नक्की."

त्या म्हणाल्या, "लिहून ठेव." मी त्यांच्यासमोर वहीत लिहिलं, 'ताई, राहिलेले चार दिवस'. बसमध्ये सामान तपासताना माझ्या यादीत एक वस्तू कमी भरली. वेताच्या खोळीचा ग्लास, दोनपैकी एक. मी चिडले. "ताई, ग्लास विसरलात ना?" त्या खिडकीतून मागे पडणाऱ्या गावाकडे बघत होत्या. "इसरली नाही वं. ठिवून आली." ताईंनी मग सांगितलं, आंतोनियानं तो त्याच खुंटीवर ठेवला होता. खोळीला चिठ्ठी बांधली होती, चिठ्ठीवर फक्त चारचा आकडा.

तो राजवाडा आम्ही पाहिला. आज त्याचा एक खांबही मला आठवत नाही.

दर वर्षी नवी डायरी घेतली की जुनीतली न झालेली कामं मी पहिल्या पानावर उतरवते. ती ओळ तीन वेळा उतरवली. पहिल्या वर्षी ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, दुसऱ्या वर्षी मुलीचं लग्न, तिसऱ्या वर्षी ताईंना दम लागायला लागला, म्हणून तपासण्या. त्यांनी कधी तगादा लावला नाही. माठापाशी उभ्या राहून माझा, बेचाळीस नंबरचा ग्लास उचलायच्या, पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "माहा तिकडं धूळ खाऊन राहिला असंन." मी म्हणायचे, "ताई, मार्चमध्ये बघू." यंदा डॉक्टरांनी प्रवासाला होकार दिला. म्हणून तर व्हिसाचे फोटो…

नंतरचे तेरा दिवस मी काम केलं, कारण मला तेच येतं. कुणाला कळवायचं, कोण कुठे उतरणार, भांडी किती, चादरी किती. रक्षा खाप्याला कन्हानमध्ये सोडली. परत निघताना ताईंच्या माहेरच्या विहिरीचं पाणी एका बाटलीत भरून घेतलं. हे यादीत नव्हतं. त्या विहिरीबद्दल ताई सांगायच्या, "आधी थोडं खारं लागते, मंग मागून गोड येते." तेराव्यानंतर डायरी उघडली. सगळ्या ओळींवर टिक होती, ती एक सोडून. पुढे उतरवता येईना, खोडताही येईना.

मग मी ताईंचं ते कार्ड शोधलं. त्यांच्या जुन्या पर्समध्येच होतं, एकही टिक नसलेलं. सकाळी सात वाजता, राहिलेल्या चारांतला पहिला दिवस म्हणून, बेचाळीस नंबरच्या ग्लासमध्ये खाप्याचं पाणी घेतलं, पाऊण ग्लास, आणि आमच्या गच्चीवर चालत चालत घोटाघोटानं प्यायले. ताईंसारखे डोळे मिटले, जिभेवर घोळवलं. खारं काही लागेना, मागून गोडही येईना. मला नुसतं पाणी लागलं. तरी कार्डावर टिक केली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी शेवटच्या घोटाला क्षणभर काहीतरी जाणवल्यासारखं झालं… कोण जाणे. 'बरोबर' म्हणणारं माणूस आता नाही.

त्याला आता दोन आठवडे झाले. ग्लास माठाशेजारी नेहमीच्या खिळ्याला टांगलेला आहे. बाटलीत एका दिवसाचं पाणी आहे आणि कार्डावर चौथ्या दिवसाचा रकाना रिकामा. ह्यांनी परवा विचारलं, "अगं, ती बाटली फेकू का? विसरलीस वाटतं."

विसरले नाही. ठेवलंय.