देव घर चुकला

माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ तुळशीराम, कोणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. तहान असो नसो. पेल्यातलं थोडं तळहातावर घ्यायचे, जिभेचं टोक लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "गोड." किंवा "मचूळ." नाहीतर नुसतंच तोंड वाकडं. मग उरलेलं पाणी पिऊन टाकायचे. पाणी सांडलेलं त्यांना खपत नसे. माझ्या लग्नात अमरावतीच्या मांडवात त्यांनी साऱ्या पाहुण्यांसमोर हेच केलं. माझे सासरे हात जोडून उभे, आणि हे तळहात चाटताहेत. शेवटी म्हणाले, "पानी चांगलं हाय. पोरगी आमी पान्यासाठी देऊन राह्यलो. पोरगा कसा हाय ते पाहू मंग." सासरे हसले. सासूबाईंनी मात्र ते वाक्य मला पुढे कितीतरी वर्षं ऐकवलं.

लोकांना ती एका म्हाताऱ्याची गंमत वाटायची. मला कधी वाटली नाही, कारण ही सवय त्यांना कशी लागली ते मी पाहिलं होतं.

आमचं गाव अकोल्याच्या बाजूला, पूर्णेच्या खारपट्ट्यात. कापूस उत्तम येतो आणि विहिरीचं पाणी खारं लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, धुतलेलं लुगडं वाळलं की कडक होऊन उभं राहतं. पिण्याचं पाणी बायका कोसभरावरच्या नदीतून आणत. उन्हाळ्यात तिथेही धार नसे. मग रेतीत हाताने झिरा उकरायचा आणि पाझरेल तसं वाटीवाटीने घागरीत भरायचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. सरकार नागपूरला होतं, कमिशनर अमरावतीला होता, आणि पाणी नदीत होतं.

आम्ही माळी. पावसाळ्यात वांगी-भेंडी, उन्हाळ्यात नदीच्या रेतीत डांगरांचे, म्हणजे खरबुजांचे, वेल. डांगरवाडीची राखण मोठेबाबांकडे. अशाच एका दुपारी तिथल्या खोपीत देवाने त्यांना हाक मारली. ते काही भक्त माणूस नव्हते. शनिवारी मारुतीला तेल घालायचे, तेवढाच त्यांचा देवाशी संबंध. घरी येऊन त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "झोपलो नव्हतो मी. विडी पेटवून राह्यलो होतो. अन् मांगून आवाज आला, तुळशीराम, गावाले गोड पानी पाज. आपल्यावानीच बोलला. वऱ्हाडीच."

"मंग तू काय म्हनला?" वडिलांनी विचारलं.

"म्या म्हनलं, देवा, तू घर चुकला. पाटलाचं घर वरच्या आळीत हाय."

'देव घर चुकला' हे मग त्यांचं पालुपदच झालं, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं. विहिरीत नुसतं डोकावलं तरी त्यांना भोवळ यायची. छातीत दमा. जमीन म्हणाल तर गावतळ्याच्या काठचा एक तुकडा. पाटलासारख्यांच्या बांधीव विहिरी जिथे खाऱ्या निघाल्या, तिथे ह्यांनी कोणाला काय पाजायचं? देव पुन्हा पुन्हा सांगत असावा, कारण मधूनच ते हातातलं खुरपं टाकून आभाळाकडे बघत आणि म्हणत, "म्या सांगतलं ना एकडाव." एरवी असं चिडून ते फक्त जावयाशी बोलले असते, पण त्यांना मूल नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, गरोदर होती. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर राहिलेलं पहिलं, दिवस भरत आलेले. तरी पाण्याला ती जातच होती. गावात सगळ्याच जात. डोक्यावर दोन घागरी, कमरेवर एक, नदीची दरड चढताना तिचा पाय सरकला. मी आज अमरावतीला बाळंतपणंच करते, त्यामुळे त्या दिवशी काय झालं असेल ते मला नीट कळतं. इथे लिहिण्यासारखं नाही. मुलगा होता. गेला. पुन्हा तिला मूल झालं नाही.

मोठेबाबा मुलाला पुरून आले ते घरात शिरलेच नाहीत. तळ्याकाठच्या आपल्या तुकड्यात गेले आणि त्यांनी जमिनीत कुदळ घातली. वडील समजवायला गेले. "आता कायले, दादा?" मोठेबाबा एवढंच म्हणाले, "म्या आयकलं नाई, म्हनून नेलं त्यानं."

भोवळ काही देवाने काढून घेतली नव्हती. ते कमरेला दोर बांधून, डोळे मिटून खड्ड्यात उतरायचे. दोराचा वेढा काठच्या बाभळीला आणि टोक मोठीमायच्या हातात. तिने दोर धरायचा, माझ्या आईने मातीची टोपली ओढायची, मी ती लांब नेऊन टाकायची. गाव काठावर बसून बघायचं. पाटील येता-जाता म्हणायचा, "अमरावतीले गोरा कमिशनर बसते, त्याच्यानं नाई झालं. अन् आता ही घूस पानी काहाडन." लोक हसत. मोठेबाबा खालून ओरडत, "पाटील, तुमच्याच घरी येऊन राह्यला होता तो. तुमी झोपले होते."

दोन पुरुष खोलीवर ओली रेती लागली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी पाणी दिसलं. गोड. आमच्या गावात जमिनीतून निघालेलं पहिलं गोड पाणी. पहिली ओंजळ मोठीमायने घेतली. त्या दिवशी आमच्या घरी तुरीची डाळ शिजली. आईने वरण पळीने वर उचलून सगळ्यांना दाखवलं.

पण पाणी थोडं. रात्रभर पाझरेल ते सकाळी घरटी एक घागर, की तळ उघडा. बायकांची भांडणं सुरू झाली. "तुह्या घरी खानारे दोन, तुले कायले पाह्यजे भरून?" आणि आणखी एक गोष्ट होती. शेवटच्या घागरी जराशा मचूळ लागायच्या. मोठीमाय रोज पाणी ओढायची, तिला ते सगळ्यांत आधी कळलं. तळ्याचं मुरलेलं गोड पाणी वर होतं आणि त्याच्या खाली तेच जुनं खारं. ती मोठेबाबांना म्हणाली, "अवो, आता कुदळ ठेवा. खाली खारं हाय. मले चव लागते."

"देव का वाटीभर देते?"

"वाटीभर त वाटीभर. गोड हाय ना."

"गावाले पाज म्हनला तो मले. वाटीभर पाज नाई म्हनला."

एव्हाना हसणारं गाव नारळ घेऊन येऊ लागलं होतं. पाटील त्यांना महाराज म्हणू लागला होता. "महाराज, अजून खाली जा. खुद देवानं सांगतलं, मंग भेव कायचं?" त्याने आपले गडीही दिले. एकेका घागरीसाठी भांडणाऱ्या बायकांनीही हेच म्हटलं. पोटभर पाणी कोणाला नको असतं? गावात एकाही माणसाने 'थांबा' म्हटलं नाही. मोठीमायने म्हटलं, पण ती बायको. तिचं म्हणणं कोणी मनावर घेतलं नाही.

पाणी लागलं ते भर दुपारी, आणि असं उसळून लागलं की खालची माणसं जेमतेम वर निघाली. डफडी वाजली. पाटलाने गुलाल मागवला. मोठेबाबांच्या डोक्याला कोणीतरी फेटा बांधला आणि पहिला लोटा त्यांच्या हातात दिला. मी अगदी समोर होते. ते प्यायले. थुंकले नाहीत. सगळा लोटा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकला, पुन्हा भरला आणि मोठीमायकडे दिला. तिने जिभेला लावला आणि खाली ठेवला. मग एकेकाने चव घेतली आणि एकेक जण घरी गेला. सगळ्यांत शेवटी डफडेवाले गेले, कारण वाजवणं थांबवा असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

वरचं गोड पाणी त्या खाऱ्यात मिसळून संपलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या बायका नदीच्या वाटेला लागल्या. मोठीमायही. 'महाराज' हे नाव तेवढं राहिलं. पोट्टे त्यांना खारेमहाराज म्हणून हाक मारायचे आणि पळायचे. पाटील तर म्हणायचा, "मी पहिल्यापासून सांगत होतो." त्याचे गडी खणायला होते हे आठवणारं कोणी नव्हतं, किंवा आठवूनही बोलणारं नव्हतं.

पाणी चाटून पाहण्याची ती सवय तेव्हापासूनची. विहीर त्यांनी बुजवली नाही. रोज शेतावर जाताना तिच्या काठावरून जायचे, आत मात्र बघायचे नाहीत. संध्याकाळी मोठीमाय लोटा समोर ठेवी. ते विचारत, "कुठचं?" ती म्हणे, "नदीचं." ते बोट बुडवून जिभेला लावत आणि म्हणत, "गोड हाय." माझं लग्न झालं, मुलं झाली, मी नर्सचं शिकले, माझे केस पिकायला लागले. दर खेपेला माहेरी गेले की हाच संवाद. मधल्या काळात मोठीमायची मान पुढे वाकली आणि तशीच राहिली.

दमा फार वाढला तेव्हा मी दोघांना अमरावतीला आणलं. औषधाचा उपयोग नव्हता, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. एका सकाळी मोठीमाय अंगणात असताना मी त्यांना विचारलं. आडवळणाने विचारायची मला सवय नाही.

"मोठेबाबा, मोठीमायनं सांगतलं होतं. तवा थांबले कावून नाई?"

त्यांनी पाणी मागितलं. तळहातावर घेतलं, चाटलं. "गोड," म्हणाले. मग दम घेत घेत बोलले, "एवढ्याशा पान्यासाठी त्यानं माह्या पोराले नेलं, असं मी कसं मानू, शांता? पोरगं नेलं त पानीबी तेवढं पाह्यजे का नाई?"

मी त्यांच्या हातातला पेला घेतला. थोड्या वेळाने ते स्वतःशीच म्हणाले, "घरच चुकला तो." त्याच आठवड्यात गेले.

तेरवी गावी केली. पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या सकाळी मोठीमाय दोन गडी घेऊन तळ्याकाठी निघाली. मी मागोमाग गेले. जुन्या विहिरीपासून थोडं दूर तिने काठीने गोल काढला आणि खणायला सांगितलं. स्वतः बाभळीखाली बसली. पुढच्या काही दिवसांत खड्डा दोन पुरुष झाला आणि ओली रेती लागली. ती उठली. "बस. आता एक टोपलंबी काहाडू नका."

"अजून जाऊ ना, बुढीमाय. पानी वाढन," खालून गडी म्हणाला.

"नाई वाढत. वर या."

सकाळी पाणी होतं. थोडंच. बातमी लागताच बायका घागरी घेऊन आल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मला ती नदीची दरड दिसत होती. मोठीमायनंतर तिथे घसरून आणखी एकीचं मूल गेलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी तिला बाजूला घेतलं.

"हे तुले तवाच ठाऊक होतं ना? मंग इतके वर्सं नदीची वाट कावून केली? साऱ्या गावानं कावून केली?"

"ठाऊक होतं," ती म्हणाली. "पन ते रोज इथूनच जात होते. त्याईले दिसलं असतं ना."

"दिसलं असतं त काय झालं असतं?"

"देवानं वाटीभरच मांगतलं होतं, अन् पोरगं तेवढ्यासाठीच गेलं, असं झालं असतं." तिने वाटी बुडवली आणि माझ्यापुढे धरली. "घे. चव पाय."

मी प्यायले. पाणी गोड होतं. त्या गोडीचा मला असा संताप आला की वाटी भिरकावून द्यावी. पण मागे बायकांची रांग लागली होती, आणि कोणाची घागर आधी यावरून त्यांचं भांडण सुरू झालं होतं. मी वाटी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी केली आणि पुढच्या बाईला जागा करून दिली.