तिसऱ्या हाकेआधी

पहिल्या मोठ्या लढाईत आमची कंपनी इराकात, बसऱ्याच्या वरच्या अंगाला, एका कोरड्या कालव्याच्या बांधामागे होती. समोर सपाट मैदान. पलीकडे तुर्कांचे खंदक. आम्ही पहाटे स्टँड-टू करायचो, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज उभं राहायचो, उजाडलं की रायफली पुसायच्या, दुपारी बांधाच्या सावलीत पडायचं, संध्याकाळी पाण्याची फटीग, म्हणजे पाणी वाहायची पाळी. लढाई म्हटलं की लोकांना रोज तोफा वाटतात. बहुतेक दिवस आम्ही फक्त माश्या हाकलत होतो.

सेक्शनमधले बरेच जण आमच्याच भागातले, काळी नदीकाठच्या रानांतले होते. मी जोयड्याच्या अंगचा. हवालदार धोंडजी रामनगरचे. जखमींना स्ट्रेचरवर उचलून आणणारा डोलीवाला लुमा, कुळगीच्या रानातला कुणबी. आणि दुसरा डोलीवाला शांतवन, जगलबेटचा, जातीने ख्रिस्ती. त्याचे वडील याकोबअप्पा लाकडाच्या डेपोजवळ सुतारकाम करायचे. सागवानी दारं करावीत तर त्यांनीच, असं लोक म्हणत.

शांतवनच्या खिशात बायबलातल्या स्तोत्रांचं लहान पुस्तक असे. संध्याकाळी रायफली पुसताना तो वाचायचा. पुस्तकातली भाषा कोणाला जड गेली की तो तीच गोष्ट आमच्या बोलीत सांगायचा. पहिल्यांदा आम्ही वेळ जावा म्हणून ऐकलं. मग सवय झाली.

धोंडजी हवालदारांना त्याची चेष्टा केल्याशिवाय जेवण जात नसे.

"काय रं शांतवन, तुझा देव तोफखान्यातला हाय की मेडिकलमधला? काल म्हनालास, दुश्मनाचे दात पाड. आज म्हनतोस, मेंढरं पान्यावर नेतो."

"दोन्हीकडचा हाय, हवालदारसाहेब. ड्युटी बगून."

"आनि आज कुठं हाय ड्युटीवर?"

"सेंट्रीवर. ह्यात लिवलंय, त्यो कदी डुलकी काढत न्हाई."

"मंग ह्या नागूला त्येच्याकडं ट्रेनिंगला पाठव."

सगळे हसले. नागू म्हणजे मी. आदल्याच आठवड्यात मला पहाऱ्यावर डुलकी लागली होती.

एका स्तोत्राने मात्र मी चमकलो. त्यात माणूस देवाला सरळ विचारतो, झोपलास काय, ऊठ की, आम्ही इथे मरतो आणि तू तोंड फिरवून बसलास. आमच्याकडे देवाला कौल लावतात, नवस बोलतात. असं अंगावर जाऊन कोणी बोलत नाही.

मी म्हणालो, "देवाला असं बोलत्यात व्हय?"

शांतवन म्हणाला, "आपल्या मान्साला बोलतो की आपन. परक्या साहेबाला कोन बोलतंय? तो ऐकून घेतो, म्हनून तर बोलायचं."

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. देव मोठा आहे, बलवान आहे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. तो ऐकून घेणारा आहे, हे नव्हतं माहीत.

एक स्तोत्र सगळ्यांच्या आवडीचं. त्यात म्होरक्या एक ओळ म्हणतो आणि बाकीचे दर वेळी एकच जबाब देतात, आमच्या भजनासारखं. शांतवनने ते बोलीत बसवलं होतं. तो म्हणायचा, "सूर्य केला त्यानं, दिवस राखाया." आम्ही मेसटिनवर, जेवणाच्या पत्र्याच्या डब्यावर, ठेका धरून म्हणायचो, "माया त्येची सरत न्हाई." तो म्हणायचा, "आडवं पानी फोडून वाट दिली त्यानं." आम्ही, "माया त्येची सरत न्हाई." धोंडजी सर्वांत मोठ्याने म्हणायचे आणि सर्वांत बेसूर.

आता त्या दिवसाचं सांगतो. त्याआधी आमच्या मुलखातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या रानात कोणी न दिसता हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. दाट धुकं असो, झाडी असो. चकवा ओळखीच्या माणसाचा आवाज काढतो, पण तिसऱ्यांदा हाक मारत नाही, असं मानतात. म्हणून तिसरी हाक आली तरच ओ द्यायची. आई मला चालायला शिकवताना हेही शिकवत होती. माझ्या चुलत्याने पहिल्याच हाकेला ओ दिली आणि तो काळी नदीच्या कड्यावरून खाली गेला, असं घरात सांगत. खरंखोटं मला ठाऊक नाही. पण जे अंगात मुरतं ते पलटणीच्या ड्रिलनेही निघत नाही.

त्या दिवशी सकाळी आमच्या कंपनीने पुढच्या टेकाडावर हल्ला केला. तो जमला नाही. आम्ही परत बांधावर आलो. मोजणी झाली तेव्हा धोंडजी हवालदार नव्हते. ते मैदानात मध्यावर पडले होते. मांडीत गोळी. हात हलवताना दिसत होते. शांतवन आणि लुमा स्ट्रेचर घेऊन वाकत वाकत निघाले. ते तिथे पोचतात न पोचतात तोच पश्चिमेकडून धुळीचं वादळ आलं. भर दुपारी कंदील लावावा असा अंधार झाला. स्वतःची बायोनेट दिसत नव्हती.

सुभेदारसाहेबांनी मला बांधाच्या टोकाला उभं केलं.

"नागू, त्यांना वाट दिसणार नाही. ते हाक देतील. तू ओ द्यायचीस. तुझ्या आवाजावर ते येतील. समजलं?"

"जी साब."

साहेब दुसऱ्या टोकाला गेले. मी एकटा राहिलो.

थोड्या वेळाने हाक आली. "नागूऽऽ."

आवाज शांतवनचा होता. पण तो उजवीकडून, तुर्कांच्या बाजूने आल्यासारखा वाटला. हा चकवाच, असं मला वाटलं. मी तोंड उघडलं नाही.

पुन्हा हाक आली. "नागूऽऽ." अजून उजवीकडून आणि लांबून.

मी गप्प राहिलो. मला हुकूम आठवत होता. भीतीने विसरलो असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगितलं, ते खोटं आहे. मला स्पष्ट आठवत होता. तरी मी तिसऱ्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. समोर फायर झाला. एक-दोन गोळ्या, मग शांत.

सुभेदारसाहेब चाचपडत परत आले.

"हाक आली?"

"आली साब."

"ओ दिलीस?"

तेवढ्यात तिसरा आवाज आला. या वेळी त्यात माझं नाव नव्हतं. शांतवन गात होता. आवाज फाटलेला होता, पण शब्द नीट होते.

"खालच्या स्थितीत आठवन केली आमची त्यानं."

ती त्याच स्तोत्रातली म्होरक्याची ओळ होती. माझं तोंड आपोआप उघडलं.

"माया त्येची सरत न्हाई!"

माझ्या शेजारच्याने उचललं. मग त्याच्या शेजारच्याने. एका दमात सगळा बांध ओरडत होता. कोणी मेसटिन बडवली, कोणी रायफलीचा दस्ता. पुढची ओळ धुळीतून आली, आम्ही पुन्हा जबाब दिला. तुर्कांनी आवाजाच्या रोखाने फायर सुरू केला. बांधावरची माती आमच्या तोंडावर उडत होती. सुभेदारसाहेबांनी खाली बसायचा हुकूम दिला आणि स्वतः सर्वांत मोठ्याने म्हणू लागले. ते कट्टर माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि तोंडात शांतवनच्या देवाची माया. मी आयुष्यात पुष्कळ बँड ऐकले. तसा बँड ऐकला नाही.

दर ओळीला आवाज जवळ येत गेला. मी बांध ओलांडून पुढे धावलो. धुळीतून आधी लुमा दिसला, मग स्ट्रेचर, मग शांतवन. स्ट्रेचरवर धोंडजी हवालदार, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. बेसूर.

बांधावरून जो ओरडा उठला तो तुर्कांनाही समजला असेल. आम्ही त्या दिवशी टेकाड हरलो होतो, पण त्या घटकेला कोणाला ते आठवत नव्हतं.

शांतवनने स्ट्रेचर नीट टेकवलं, पट्टा खांद्यावरून काढला आणि बसला. तेव्हा त्याच्या कुडत्याची रक्ताने भिजलेली डावी बाजू दिसली. मी त्याला धरलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला.

"तिसरीची वाट बगितलीस न्हवं, रानट्या?"

मी मान हलवली.

"म्हाईत होतं मला. तुझ्या आईनंच शिकिवलं असंल." मग म्हणाला, "हवालदारास्नी पानी दे."

संध्याकाळी फील्ड हॉस्पिटलच्या वाटेवर तो गेला.

लुमाने मला नंतर सांगितलं. पहिल्या दोन हाकांना ओ मिळाली नाही म्हणून ते दोघे भलत्या दिशेला वळले होते. गोळी तेव्हा लागली, दुसऱ्या हाकेनंतर. लुमाने हे दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही. रिपोर्टमध्ये गेलं की शिपाई नागूने आवाज देऊन स्ट्रेचर पार्टी आत आणली. मला नाईकाची फीत मिळाली. मी ती लावली.

पलटण सुटल्यावर मी गावी आलो. जगलबेट माझ्या घरापासून अर्ध्या दिवसाची चाल. तिकडे जायचं मी टाळत राहिलो. बाजाराला जाताना वाट बदलायचो. याकोबअप्पा म्हातारे झाल्याचं, नजर कमी झाल्याचं ऐकू यायचं. मुलगा कसा गेला हे त्यांना सरकारी कागदावरून जेवढं कळलं तेवढंच ठाऊक होतं. मी गप्प राहिलो तर ते तसेच मरतील, हे मला कळत होतं. मी तिसऱ्यांदा गप्प बसलो होतो, आणि या वेळी चकव्याचं निमित्तही नव्हतं.

शेवटी गेल्या सुगीनंतर गेलो. अप्पा अंगणात फळीवर रंधा मारत होते. हाताने चाचपून मारत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. रीत, दोन हाका, गोळी, फीत. त्यांनी रंधा थांबवला नाही. मी संपवलं तेव्हा थांबवला.

"तिसऱ्यांदा काय म्हनाला त्यो?"

मी ती ओळ म्हटली.

"गाऊन?"

"व्हय अप्पा. गाऊन."

"गोळी लागल्यावर?"

"व्हय."

ते बराच वेळ फळीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "दोनदा ओ मिळाली न्हाई, अंगात गोळी, आनि माझं पोरगं म्हनतंय आमची आठवन केली त्यानं. मंग त्येला ओ मिळाली हुती रं नागू. तू दिली न्हाईस, इतकंच."

अप्पांनी रंधा बाजूला ठेवला.

"तू चुकलास. ते मी झाकनार न्हाई. पर बस. उबा का ऱ्हायलास?"

मी बसलो. अप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. अप्पांच्या सुनेने, शांतवनच्या धाकट्या भावाच्या बायकोने, भाकरी वाढली. मग अप्पांनी शांतवनच्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या आणि मी पलटणीतल्या. तोफखान्याची आणि मेडिकलची चेष्टा ऐकून ते एवढे हसले की डोळे पुसावे लागले. मी इतकी वर्षं ज्या घराला भ्यालो, तिथे हसत बसलो होतो. स्तोत्रांतला तो ऐकून घेणारा देव मी पुस्तकात ऐकला होता. त्या अंगणात तो भुशाने माखलेल्या हातांनी मला पाणी पुढे करत होता. मी ख्रिस्ती झालो नाही. घरी देव्हारा आहे, दिवा लागतो. पण देव कसा आहे, असं कोणी विचारलं तर मी त्या अंगणाचं सांगतो.

धोंडजी हवालदार अजून आहेत. लंगडतात, नातवंडांना ओरडतात, आणि ती ओळ अजून बेसूरच म्हणतात.

निघताना अप्पा मला रानाच्या कडेपर्यंत पोचवायला आले. समोर धुकं चढत होतं. त्यांनी काठी टेकली, तोंडाशी हात धरला आणि झाडीकडे हाक मारली.

"शांतवनऽऽ."

हाक विरायच्या आत मी ओ दिली.