सिंधूताईचं चौथं शील

सिंधूताई गरीब गाय आहे, असं गावाला वाटायचं. गावाची अक्कल तेवढीच!

साखरखेर्ड्याच्या पलीकडं तिचं गाव. तिथल्या विहारात वीस वर्षं पंचशील तीच सांगायची. ती एकेक शील मराठीत म्हणायची आणि बाकी सगळे तिच्यामागून. नवरा पुंजाजी तलाठ्याच्या हाताखाली कोतवाल. दोन वर्षांमागं चोरट्या रेतीचा टिप्पर भर बाजारात अडवायला गेला, तर ड्रायव्हरनं पायावरूनच घातला. दिवसाढवळ्या! शंभर माणसं पाहत होती. पोलिसांनी विचारलं तेव्हा एकजात सारे म्हणाले, "आम्ही नाही पाह्यलं." टिप्पर वामनरावांचा होता ना.

आता वामनराव म्हणजे रेतीचोरांचा पुढारी. पण गाव त्याला चोर म्हणत नाही, 'भाऊ' म्हणतं. पोरीच्या लग्नाला भाऊ, दवाखान्याला भाऊ. नदीचा पार उकिरडा झाला, विहिरी आटल्या, तरी भाऊ मोठ्या मनाचे! थू असल्या मोठेपणावर.

त्याच भाऊनं विहाराला फरशी दिली, आणि उद्घाटनाला पाहुणाही तोच. कमिटीचा प्रसेनजित सकाळीच सिंधूताईच्या दारात हजर.

"ताई, आज काही बोलू नका. जुनं काहाले उकरता?"

"मी शीलच म्हणीन बे. दुसरं काय म्हणू?"

विहार गच्च भरला. वामनराव पुढच्या रांगेत हात जोडून उभे. दुसऱ्या शीलाला सिंधूताई म्हणाली, "न दिलेली वस्तू घेणार नाही," आणि थांबली. "भाऊ, तुमचा आवाज नाही आला."

प्रसेनजित तिला हातानं थांब थांब खुणावू लागला. वामनराव मात्र हसले आणि खणखणीत म्हणाले, "न दिलेली वस्तू घेणार नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शीलाला टाळ्या! वीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिसरं शील झालं. चौथ्याला तिनं वामनरावांकडं पाहिलंच नाही, गावाकडं पाहिलं.

"खोटं बोलणार नाही. हे भाऊनं नाही म्हटलं तरी चालते. त्या दिवशी बाजारात जे जे उभे होते, त्याइनं म्हणा."

आत्ता वाजलेले हात जोडलेलेच राहिले. माना खाली गेल्या, नव्या फरशीकडं. प्रसेनजितचीसुद्धा.

दाराशी काठी टेकून उभा असलेला पुंजाजी तेवढा एकटा म्हणाला, "खोटं बोलणार नाही."